आधी हात लावून बघ, मग पैसे काढ

अगं ठमे, कॉम्प्युटर बंद पडतोय हे मला आईकडून कळतं. माझा फोन आला की तू मात्र म्हणतेस, "सगळं मस्त चाललंय ताई." असू दे. सबमिशन तोंडावर आलं की घरच्यांपासून काय काय लपवावं लागतं, ते मला ठाऊक आहे. पण बर्डीवरच्या दुकानातून तू जो कागद आणलास त्याचा फोटो आईने मला पाठवला, तेव्हा गप्प बसवेना. नवा लिक्विड कूलर, नवं कॅबिनेट, नवा पॉवर सप्लाय आणि 'जमल्यास' मदरबोर्ड. एकूण अठरा हजारांच्या वर! त्या माणसाने कॅबिनेटची काच तरी उघडली होती का? आई म्हणते, नाही उघडली. नुसतं "मॅडम, नागपूरच्या उन्हाळ्यात हे असंच होणार" म्हणाला आणि पेन काढलं. वर प्रश्न तू विचारत होतीस आणि उत्तरं तो शेजारी उभ्या असलेल्या दादाला देत होता.

तर एक कर. बाबांना एवढ्यात काही सांगू नकोस आणि दुकानात परत जाऊ नकोस. हे निवांत वाच, मग उद्या सकाळी, ऊन चढायच्या आत, मशीन उघड. काम फार तर दोन तासांचं आहे. पहिल्या तासाला एक रुपयाही लागत नाही.

आधी तुझ्याकडे नेमकं काय आहे ते समजून घे, म्हणजे कोणी काही सांगितलं तरी तू हलणार नाहीस. तुझा प्रोसेसर रायझन ५ ५६००एक्स. हा २०२० च्या नोव्हेंबरात बाजारात आला. कागदावर ६५ वॉटचा, आणि पूर्ण जोर लावला तरी त्याची मूळ मर्यादा ७६ वॉटची. आजकालचे मोठे इंटेल प्रोसेसर अडीचशे वॉट ओढतात, त्यांच्यापुढे हा अगदी थोडक्यात भागवणारा. त्याच्यावर बसवलाय २४० मिलिमीटर रेडिएटरचा लिक्विड कूलर. एवढा मोठा त्याला लागतच नव्हता. आधीच्या मालकाने दिव्यांच्या हौसेपायी लावला असणार. आता हिशेब बघ. खोली पंचवीस अंशांवर असेल तर या जोडीने पूर्ण भाराखालीही साठ ते सत्तरच्या दरम्यान राहावं. तुझी खोली मे महिन्यात अडतीसला जाते असं धरलं तर वर तेवढेच तेरा अंश मिळव, म्हणजे ऐंशीच्या आसपास. तुझा जातोय ९५ ला. ती या प्रोसेसरची कमाल मर्यादा आहे आणि तिथे पोचला की तो स्वतःच वेग कमी करतो. वरचे पंधरा अंश नागपूरच्या उन्हाने दिलेले नाहीत. मशीनमध्ये कुठेतरी काहीतरी एक बिघडलंय, आणि ते एक शोधायचंय. सगळं बदलायचं कारण नाही.

घाबरू मात्र नकोस. प्रोसेसर जळत नाही गं. त्याला स्वतःचा जीव सांभाळता येतो, म्हणून तर तो आधी मंद होतो आणि मग मशीन बंद करून टाकतो. गेलं ते तुझं रेंडर.

लिक्विड कूलर म्हटलं की आपल्याला उगाच काहीतरी गूढ वाटतं. आत आहे काय? प्रोसेसरवर बसलेली तांब्याची पट्टी, बहुतेक कूलरमध्ये तिच्याच डोक्यावर बसवलेला छोटा पंप, दोन रबरी नळ्या आणि पंखे लावलेला रेडिएटर. आत पाणी, त्यात ग्लायकॉल आणि गंज न धरण्याची औषधं. पाणी प्रोसेसरकडची उष्णता उचलतं, रेडिएटरपर्यंत नेतं, पंखे ती हवेत सोडतात. उष्णता हलवली जाते, नाहीशी होत नाही. खोलीच्या हवेपेक्षा थंड तर तो काही करूच शकत नाही. त्यामुळे प्रश्न एकच उरतो: उष्णता वाटेत कुठे अडकते? प्रोसेसर आणि पट्टीच्या मध्ये, पाण्यात, रेडिएटरवर, की कॅबिनेटमध्ये?

याचं निम्मं उत्तर घड्याळ देतं. एचडब्ल्यूइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर उतरवून घे, त्याच्या स्वतःच्या साइटवरून. सेन्सर्सची खिडकी उघड, त्यात प्रोसेसरचं तापमान, त्याचे वॉट, पंपाचे फेरे आणि ग्राफिक्स कार्डाचं तापमान असं सगळं दिसतं. मशीन सुरू करून दहा मिनिटं काही न करता सोड. तापमान पंचेचाळीसवरून एकदम साठला उडी मारून परत आलं तर दचकू नकोस, रायझन असा उड्या मारतोच. मग प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारं सिनेबेंच चालव, तेही फुकट आहे. आणि खुर्चीत बसून फक्त आकडे बघ.

भार दिल्या दिल्या, पाच-दहा सेकंदांत, ९० च्या पुढे गेला तर उष्णता पाण्यापर्यंत पोचतच नाहीये किंवा पाणी हलत नाहीये. म्हणजे पेस्ट, पकड किंवा पंप. तेच आधी सत्तर, मग दहा मिनिटांनी ऐंशी, वीस मिनिटांनी नव्वद असा सावकाश चढला तर पाणी आपलं काम करतंय, पण रेडिएटर ती उष्णता टाकू शकत नाहीये. म्हणजे धूळ, पंखे, कॅबिनेटची हवा. पाण्याचा साठा तापायला वेळ लागतो म्हणून हा फरक इतका स्वच्छ दिसतो. कागदावर वेळ आणि आकडा लिहून ठेव. उद्या कुणाशी बोलायची वेळ आलीच तर हा कागद पुढे कर, म्हणजे उत्तरं तुलाच मिळतील, दादाला नाहीत.

आणि हो, ग्राफिक्स कार्डाच्या आकड्याकडेही बघ. तू व्ही-रे प्रोसेसरवर चालवतेस तेव्हा सगळे कोअर कामाला लागतात, पण ल्युमियन सगळा भार ग्राफिक्स कार्डावर टाकतं. ल्युमियनमध्येच मशीन बंद पडत असेल तर तू भलत्याच ठिकाणी शोधते आहेस.

आता हात लावायचा भाग. सिनेबेंच चालू असताना काच काढ आणि नळ्यांना बोट लाव. पंप नीट चालत असेल तर दोन्ही नळ्या जवळपास सारख्याच कोमट लागतात आणि रेडिएटरही कोमट होत जातो. प्रोसेसर ९५ वर, पंपाजवळची नळी चटका देणारी, दुसरी गार आणि रेडिएटर अगदी थंडगार, असं असेल तर पाणी थांबलंय. नळ्या आणि रेडिएटर दोन्ही गार, पण पंप मात्र फिरतोय, असं असेल तर पेस्ट किंवा पकड. पंपाच्या डोक्यावर बोट ठेव, बारीकशी थरथर जाणवायला हवी. जाणवत नसेल तर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपाच्या प्लास्टिकवर टेकव आणि मुठीला कान लाव. आमच्या स्टुडिओत अजून सगळे असंच ऐकतात, आणि ऐकू येतं.

एचडब्ल्यूइन्फोत पंपाचे फेरे शून्य दिसले म्हणून लगेच पंप मेला असं समजू नकोस. काही कूलरमध्ये पंपाला वीज साटाच्या जाड कनेक्टरमधून मिळते आणि फेरे सांगणारी बारीक वायर वेगळी असते. ती निघाली असेल तर पंप फिरत असूनही शून्य दिसतं. उलटही होतं. साटाचा कनेक्टर सैल झाला की पंपच बंद. तुझं मशीन पुण्याहून ट्रॅव्हल्सच्या डिकीत आडवं झोपून आलंय. त्या प्रवासात एखादा कनेक्टर हलला असेल तर मला नवल वाटणार नाही. म्हणून मशीन बंद करून, मेनची वायर काढून, प्रत्येक कनेक्टर एकदा काढून परत दाबून बसव. दुकानदार याचे पाचशे घेतात.

पंप मदरबोर्डवरून वीज घेत असेल तर त्याची वायर कुठे लागली आहे ते बघ. 'एआयओ पंप' असं छापलेली जागा असेल तर तिथे लाव. नसेल तर 'सीपीयू फॅन'वर चालतं, पण मग बायोसमध्ये जाऊन त्या जागेचा वेग 'फुल स्पीड' करून टाक. मदरबोर्डला वाटतं तिथे पंखा लावलाय, म्हणून गार असताना तो वेग कमी करतो, आणि बिचारा पंप अर्ध्या विजेवर रडतखडत फिरतो. पंप कायम पूर्ण वेगात, कमीजास्त काय व्हायचं ते पंख्यांनी. एवढ्या एका सेटिंगने दुरुस्त झालेली मशीनं मी पाहिली आहेत.

पंपातून गुळगुळ आवाज येतोय का? म्हणजे आत हवा आहे. सीलबंद असला तरी रबराच्या नळ्यांमधून वर्षानुवर्षं थोडं थोडं पाणी उडत राहतं आणि तेवढी हवा आत साठते. हवा नेहमी सगळ्यात उंच जागी जाऊन बसते. ती जागा पंपाची असू नये, रेडिएटरची असावी. रेडिएटर कॅबिनेटच्या छताला असेल तर प्रश्नच नाही. समोरच्या बाजूला उभा लावला असेल तर त्याचं वरचं टोक पंपापेक्षा उंच हवं, आणि नळ्या खालच्या बाजूने निघाल्या तर उत्तम. कोणी रेडिएटर तळाशी लावला असेल तर त्याला माझ्याकडून दोन शब्द सुनाव आणि जागा बदल. मशीन बंद करून कॅबिनेट या अंगाला, त्या अंगाला तिरकं केलं, थोडा वेळ तसंच धरलं, की अडकलेला बुडबुडा बरेचदा वर निघून जातो.

हे करताना नळ्यांच्या जोडांवर आणि पंपाच्या कडेला टॉर्च मारून बघ. पांढरट किंवा हिरवट क्षार जमलेला दिसला, बोटाला चिकट लागलं, तर मशीन चालूच करू नकोस. गळती असेल तर कूलर गेला असं समज. खाली ग्राफिक्स कार्ड आहे, त्यावर ते पाणी पडायला नको.

बरं, सावकाश तापणाऱ्या प्रकाराकडे येऊ, कारण माझा अंदाज निम्मा तिकडेच आहे. नागपूरची धूळ मला माहीत आहे. सगळ्यात साधी परीक्षा अशी: काच आणि समोरचं पॅनल दोन्ही काढून तेच सिनेबेंच पुन्हा चालव. तापमान आठ-दहा अंशांनी उतरलं तर तुझ्या कूलरचा काही दोष नाही, कॅबिनेटला श्वासच घेता येत नाहीये. समोर अख्खी काच लावलेली ही कॅबिनेट दिसायला छान, पण हवा आत शिरते ती कडेच्या चिमुकल्या फटींतून. पुढचे चार महिने समोरचं पॅनल काढून ठेव. वाईट दिसतं, पण रेंडर पुरं होतं. मांजर मात्र आत जाऊ देऊ नकोस.

रेडिएटर बाहेरून स्वच्छ दिसला तरी विश्वास ठेवू नकोस. धूळ बसते ती पंखा आणि रेडिएटर यांच्या मधल्या बाजूला, जिथे नजर जात नाही. पंख्यांचे चार-चार स्क्रू काढ, पंखे बाजूला कर आणि बघ. आत करड्या लोकरीचा थर निघाला तर समज की गुन्हेगार सापडला. मऊ ब्रशने सैल कर, मग ब्लोअरने उलट्या बाजूने उडव. हे गच्चीवर कर, नाहीतर आई तुला आणि मला दोघींनाही बोलेल. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेव. पाती भन्नाट फिरली की बेअरिंग खराब होतं. आणि घरातला व्हॅक्यूम क्लीनर मदरबोर्डजवळ नेऊ नकोस, त्याच्या नळीत स्थिर वीज तयार होते.

पंखे परत लावताना दिशा बघ. चौकटीवर बारीक बाण असतो. बाण दिसला नाही तर टिश्यू पेपरचा तुकडा धर, तो ज्या बाजूला चिकटतो तिथून हवा आत जाते. सेकंडहँड मशीनमध्ये एक पंखा हवा आत ढकलतोय आणि शेजारचा बाहेर, अशी गंमत बऱ्याचदा निघते.

आता पेस्ट. मशीन २०२१ चं असेल आणि पेस्ट तेव्हाचीच असेल तर ती वाळली असेल, ती बदलायलाच हवी. चार ग्रॅमची चांगल्या कंपनीची नळी साधारण पाचशे ते सातशेला मिळते आणि तीन-चार वेळा पुरते. पण हे वाक्य नीट वाच: तुझ्या प्रोसेसरच्या पिना त्याच्या पोटाखाली आहेत, आणि एएम४ सॉकेट त्याला वरून घट्ट धरत नाही. पेस्ट वाळून चिकटलेली असली आणि तू कूलर सरळ वर ओढलास तर कूलरबरोबर प्रोसेसरही उपटून येतो आणि पिना वाकतात. मग अठरा हजारांचा कागद खरा ठरेल. म्हणून आधी सिनेबेंच पाच-सात मिनिटं चालवून प्रोसेसर गरम कर, मशीन बंद कर, मेन काढ, स्क्रू सैल कर आणि कूलर उचलायच्या आधी हलक्या हाताने डावीकडे-उजवीकडे फिरव. पेस्ट सुटली की तो आपोआप सैल होतो. मगच उचल. घाई नको.

जुनी पेस्ट पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आण. मोबाइल दुरुस्तीचं सामान मिळतं त्या दुकानात छोटी बाटली मिळते. नेलपेंट रिमूव्हर वापरू नकोस, मला माहितेय तुझ्या डोक्यात तेच आलं असणार. चष्म्याच्या कपड्याने किंवा साध्या टिश्यूने पुस, कापूस नको, तंतू राहतात. मध्यभागी मटाराच्या दाण्याएवढी पेस्ट ठेव आणि कूलर सरळ खाली टेकव. पसरवायचं काम दाब करेल. स्क्रू समोरासमोरच्या कोपऱ्यांचे थोडे थोडे करून आवळ. एक कोपरा पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे गेलीस तर पट्टी तिरकी बसते, आणि मग नव्या पेस्टनेही काही फरक पडत नाही.

जुनी पेस्ट पुसण्याआधी फोटो मात्र काढून ठेव. पट्टीवर तिचा ठसा एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ असेल तर पकड तिरकी होती, हे तिथेच कळतं.

मशीनच्या आतलं झालं. आता दोन गोष्टी सॉफ्टवेअरच्या, त्यातली दुसरी जरा कानात सांगायची. पहिली अशी, की आधीच्या मालकाने बायोसमध्ये पीबीओ चालू करून ठेवलं असेल. त्याने प्रोसेसरची ७६ वॉटची मर्यादा उठते आणि तो शंभराच्या पुढेही ओढतो, चार-पाच टक्के वेगासाठी. एचडब्ल्यूइन्फोत वॉटचा आकडा ७६ च्या फार वर दिसला तर तेच समज. पीबीओ बंद कर. उन्हाळ्यापुरता इको मोडही लाव, बायोसमध्ये असतो. तोही सापडला नाही तर विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल स्थिती १०० ची ९९ टक्के कर. एका टक्क्याने काय होतंय असं वाटेल, पण त्याने बूस्टच बंद होतो आणि प्रोसेसर ३.७ गिगाहर्ट्झच्या आसपास शांत चालतो. रेंडर साधारण पाचव्या हिश्श्याने लांबेल. अर्ध्यावर तुटण्यापेक्षा बरं.

दुसरी. तुमच्या कॉलेजात सगळी सॉफ्टवेअरं पेनड्राइव्हवर फिरतात, हे मला सांगू नकोस, आम्हीही त्याच कॉलेजातून गेलोय. त्या क्रॅकबरोबर कधी कधी कोणाचं तरी नाणी खणणारं भूत आत येतं आणि तुझ्या विजेवर, तुझ्या प्रोसेसरवर रात्रंदिवस कमावतं. काही भुतं इतकी हुशार असतात की टास्क मॅनेजर उघडलं की झोपतात. काहीच चालू नसताना एचडब्ल्यूइन्फोत तापमान ऐंशी आणि वॉट साठ दिसत असतील तर कूलर कितीही बदल, फरक पडणार नाही. विंडोज नव्याने टाक. ऑटोडेस्क विद्यार्थ्यांना फुकट परवाना देतं, कॉलेजच्या ओळखपत्रावर. ब्लेंडर तर सगळ्यांनाच फुकट आहे.

घरातल्या वाळ्याच्या कूलरचं एक सांगते, कारण आई म्हणाली तू कॅबिनेट त्याच्या तोंडाशी नेऊन ठेवलंयस. खोली गार झाली तर कॉम्प्युटरला फायदाच आहे, खोलीचे पाच अंश उतरले की प्रोसेसरचेही तेवढेच उतरतात. पण थेट झोत नको. त्या हवेत ओल असते, कधी थेंब उडतात, आणि बोअरच्या पाण्याचा क्षार मागे राहतो. कूलर एका भिंतीला, मशीन दुसऱ्या, खिडकी थोडी उघडी. मशीन जमिनीवरून उचलून स्टुलावर ठेव. भिंतीपासून वीतभर लांब. मोठी रेंडरं पहाटे तीनला लाव आणि झोप, नवतपात दुपारी तर लावूच नकोस.

हे सगळं करूनही पंप मेलेलाच निघाला तर? तर वाईट वाटून घेऊ नकोस. या सीलबंद कूलरचं आयुष्य साधारण पाच-सात वर्षांचं धरतात आणि तुझ्याकडे आला तेव्हाच त्याची निम्मी वर्षं सरली होती. आधी मशीन विकणाऱ्या पुण्याच्या त्या मुलाला मेसेज कर आणि कूलरचं बिल माग. काही कंपन्या पाच वर्षांची वॉरंटी देतात, बिल आणि सिरियल नंबर असेल तर बदलून मिळायची शक्यता आहे. लाजू नकोस, पैसे मोजून घेतलंयस तू. यूट्यूबवर बघून पंप खोलून त्यात डिस्टिल्ड वॉटर भरायच्या भानगडीत मात्र पडू नकोस. आत गाळ धरला असेल तर पाणी भरून तो जात नाही, आणि भरायचं तोंड नसलेला कूलर परत गळका न होता बंद होईल याची खात्री कोणी देत नाही.

बदलून मिळाला नाही तर दुसरा लिक्विड कूलर घेऊ नकोस. सेकंडहँड तर फुकट दिला तरी नको. ७६ वॉटच्या प्रोसेसरला पाच-सात हजारांचं पाणी कशाला? चार हीटपाइप आणि एक पंखा असलेला साधा टॉवर एअर कूलर दीड ते अडीच हजारांत मिळतो, डीपकूलचा एजी४०० त्यातलाच. त्यात बिघडण्यासारखा एकच भाग आहे, तो म्हणजे पंखा. तो गेला तर कोणताही १२० मिलिमीटरचा पंखा लावून काम भागतं. घेण्याआधी कॅबिनेटची रुंदी मोज. एजी४०० ची उंची १५० मिलिमीटर आहे, काच बंद व्हायला हवी ना. आणि बसवण्याआधी तळाच्या प्लास्टिकच्या पातळ फिल्मकडे बघ, असेल तर काढ.

आणि तोपर्यंतचं काय, तर ५६००एक्सच्या खोक्यात एएमडीचा रेथ स्टेल्थ नावाचा छोटा कूलर मिळतो. मशीनबरोबर आलेली खोकी तू माळ्यावर टाकली होतीस. आत बघ, न उघडलेला सापडेल. सापडला तर मदरबोर्डवरच्या दोन प्लास्टिकच्या पट्ट्या काढून तो चार स्क्रूंनी सरळ मागच्या प्लेटमध्ये बसतो. पट्ट्या काढताना मागची प्लेट हाताने धरून ठेव, नाहीतर ती पलीकडे पडते. नवा असेल तर पेस्ट त्याला लावलेलीच असते. नागपूरच्या खोलीत हा छोटू पूर्ण भाराखाली नव्वदीत जाईल हे खरं, म्हणून त्याच्याबरोबर ते ९९ टक्क्यांचं सेटिंग ठेवायचंच. पण सबमिशन होऊन जाईल, तेही शून्य रुपयांत.

दुकानात जावंच लागलं तर एकटी जा, तुझा तो आकड्यांचा कागद घेऊन. "कूलर बदला" म्हणू नकोस. "दहा सेकंदांत ९५, रेडिएटर गार, पंपात थरथर नाही" असं सांग. मग बघ तो कोणाकडे बघून बोलतो. मी शनिवारी लॅमिंग्टन रोडला जाऊन इथले भाव विचारून ठेवते, तिकडे जास्त सांगितला तर मुंबईहून कुरिअर करीन.

उद्या सकाळी पहिल्यांदा सिनेबेंच लाव आणि नळ्यांना हात लावून मला फोन कर. मला, आईला नाही. पेस्टचे पैसे मी देते, टॉवर घ्यावा लागला तर त्यातले अर्धे देईन. त्या कागदावरचा मदरबोर्ड मात्र कोणाच्याच पैशांनी येणार नाही.